सेवा क्लबची लोकांतील प्रतिमा: अध्यक्ष दरवर्षी बदलत असताना ती कोणी आणि कशी सांभाळावी?

टिळकवाडीकर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि अथणी या पट्ट्यातील रोटरी, लायन्स यांसारख्या सेवा क्लबांविषयी लोकांचे खरे मत काय आहे, हे क्लबच्या साप्ताहिक सभेत कधीच कळत नाही. ते खडेबाजारातील एखाद्या दुकानाच्या पायरीवर किंवा सरकारी दवाखान्यात केसपेपर काढण्याच्या रांगेत कळते, आणि ते फारसे सुखावह नसते. "मोठ्या लोकांचा क्लब आहे तो, हॉटेलात जेवतात, एकमेकांना हार घालतात आणि कधीतरी शाळेत वह्या वाटून जातात," असे सर्वसाधारण उत्तर मिळते. जे क्लब वर्षानुवर्षे नेत्रशिबिरे आणि रक्तदान शिबिरे चालवतात, त्यांच्याही वाट्याला हेच उत्तर येते. त्यामुळे काम कमी पडते एवढाच हा प्रश्न नसून, केलेल्या कामापैकी आपण लोकांसमोर काय ठेवतो, हेही तपासायला हवे.

येत्या १ जुलैपासून आमच्या क्लबच्या प्रसिद्धीची, म्हणजे हल्ली ज्याला पब्लिक इमेज म्हणतात ती, जबाबदारी माझ्याकडे येत आहे. क्लबची प्रतिमा ज्यांच्यापर्यंत काम पोहोचले त्यांच्या बोलण्यातून तयार होते, असे माझे मत आहे. त्या लोकांना सांगण्याजोगे काही घडावे आणि ते पुढच्या अध्यक्षाच्या काळातही टिकावे, एवढेच क्लबच्या नेतृत्वाच्या हातात असते. अडचण नेमकी या दुसऱ्या भागात आहे. रोटरी असो वा लायन्स, दोघांचेही वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. प्रत्येक नव्या अध्यक्षाला आपल्या नावावर एखादा नवा प्रकल्प हवा असतो, गेल्या वर्षीचा प्रकल्प 'त्यांचा' ठरतो, आणि लोकांना मात्र 'ते' आणि 'हे' असा भेद ठाऊक नसतो. त्यांच्या लेखी गाडीवर रोटरीच्या चक्राचे चिन्ह लावून आलेली सगळी माणसे एकच असतात.

ज्या कामामुळे या संघटना जगभर ओळखल्या गेल्या, ती कामे पाहिली की हा फरक ठसठशीत दिसतो. पॉल हॅरिस यांनी शिकागोत १९०५ मध्ये स्थापन केलेल्या पहिल्या रोटरी क्लबने १९०७ च्या सुमारास हाती घेतलेले पहिले सार्वजनिक काम म्हणजे शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्याची मागणी. (रविवार पेठेत किंवा गणपत गल्लीत बाजाराला येणाऱ्या खेड्यातील बायकांना विचारले, तर हे काम अजून जुने झालेले नाही असे त्या सांगतील.) लायन्सच्या १९२५ च्या अधिवेशनात हेलन केलर यांनी अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले आणि त्या संघटनेने दृष्टी हा विषय आजवर सोडलेला नाही. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओचे काम घेतले तेव्हा १२ कोटी डॉलर उभारण्याचे उद्दिष्ट होते, १९८८ पर्यंत त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम जमली, आणि भारतातील शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा येथे आढळला. मधल्या काळात किती जागतिक अध्यक्ष बदलले असतील, पण विषय बदलला नाही. आपल्याकडे तालुक्याच्या क्लबला एवढे मोठे काम करायचे नाही. एक विषय पाच वर्षे धरून ठेवला तरी पुरे आहे.

आणखी दोन गोष्टी मला खटकतात. पहिली गोष्ट फ्लेक्सची. कर्नाटक सरकारने मार्च २०१६ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांबरोबर प्लास्टिकचे फ्लेक्स आणि बॅनरही बंद केले. तरीही वनमहोत्सवाच्या दिवशी रोपांपेक्षा उंच फ्लेक्स लावून त्याच्यापुढे फोटो काढले जातात आणि संध्याकाळी तो फ्लेक्स तिथेच कुंपणाला लोंबकळत राहतो. पर्यावरणाच्या नावाने हे करणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण आहे. कापडी फलक एकदा शिवून घेतला की वर्षभर पुरतो.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि सीमाभागात ती सर्वांत नाजूक आहे. नामफलकावर किमान साठ टक्के कन्नड असावे, अशी तरतूद राज्याने २०२४ च्या दुरुस्तीने केली आहे आणि क्लबने तिच्यापासून पळवाट शोधू नये. परंतु फलक कायद्याप्रमाणे लावला म्हणजे भाषेचा प्रश्न संपत नाही. नेत्रशिबिराच्या नोंदणीच्या टेबलावर बसलेला माणूस जांबोटीहून आलेल्या आजीशी मराठीत, गोकाकच्या शेतकऱ्याशी कन्नडमध्ये आणि कॅम्पमधल्या बाईशी उर्दूत बोलू शकला, तर त्या शिबिराची जी प्रसिद्धी होते ती कोणत्याही वृत्तपत्राला करता येणार नाही. हस्तपत्रिका दोन्ही भाषांत असावी, आणि एका भाषेचा मजकूर दुसरीपेक्षा अपुरा नसावा. या क्लबांच्या नियमांत पक्षीय राजकारणाला जागा नाही, हे आपल्या भागात तर उपकारकच आहे. 'हा क्लब कोणाचा' या प्रश्नाला 'दवाखान्यात येणाऱ्या सगळ्यांचा' असे उत्तर देता येणाऱ्या संस्था इथे फार थोड्या आहेत.

वृत्तपत्रांत बातमी कशी द्यावी, शाळांना आमच्याविषयी खरोखर काय वाटते आणि हिशेब किती उघड करावेत, या तीन मुद्द्यांवर जाणकारांनी लिहावे, अशी विनंती आहे.

निवृत्त बातमीदार

बेळगावच्या मराठी पत्रकारितेला शंभर वर्षांहून मोठी परंपरा आहे. तरुण भारत इथे १९१९ मध्ये सुरू झाला. इथला वाचक वृत्तपत्र बारकाईने वाचतो आणि कोणती बातमी 'लावून घेतलेली' आहे, हे त्याला पहिल्या दोन ओळींत समजते. क्लबांकडून येणाऱ्या प्रेसनोटा अनेक वर्षे हाताखालून गेल्यामुळे त्यांचा साचा मला पाठ आहे. नमुना देतो:

"येथील क्लबच्या वतीने शालेय साहित्य वाटपाचा कार्यक्रम नुकताच उत्साहात पार पडला. अध्यक्षस्थानी क्लबचे अध्यक्ष होते. व्यासपीठावर सचिव, खजिनदार, माजी अध्यक्ष व प्रकल्पप्रमुख उपस्थित होते. दीपप्रज्वलनाने कार्यक्रमाचा शुभारंभ झाला. मान्यवरांचा शाल, श्रीफळ देऊन सत्कार करण्यात आला. सचिवांनी आभार मानले."

या बातमीत साहित्य कोणते, कोणाला आणि का दिले, हे कोठेही नाही. मुले तर नाहीतच. डेस्कवरचा उपसंपादक रात्री जागा कमी पडली की हीच बातमी प्रथम कापतो, आणि दुसऱ्या दिवशी क्लबचे पदाधिकारी संपादकांना फोन करतात की आमच्यावर अन्याय झाला. तीच बातमी अशी लिहून पाहावी:

"कणकुंबी परिसरात जून, जुलैमध्ये शाळेत पोहोचेपर्यंत मुलांची दप्तरे भिजून जातात. त्यामुळे तेथील सरकारी मराठी शाळेतील सर्व मुलांना शाळा सुरू होताच रेनकोट आणि दप्तरावर घालायची आवरणे देण्यात आली. पुढील वर्षी पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांनाही ती मिळणार असून पालकांनी मुख्याध्यापकांकडे नावे द्यावीत."

दुसऱ्या बातमीत क्लबचे नाव शेवटच्या ओळीत आले तरी चालते, कारण वाचक तिथपर्यंत पोहोचलेला असतो. शिवाय तिच्यात वाचकाच्या उपयोगाची माहिती आहे, म्हणून ती कापली जात नाही.

प्रत्यक्ष कामाच्या काही गोष्टी सांगतो. मजकूर दुपारी तीनपर्यंत पोहोचवावा. रात्री आठला पोहोचलेल्या प्रेसनोटला कोणी वाली नसतो. शाल घेऊन उभ्या असलेल्या नऊ जणांच्या रांगेचा फोटो पाठवू नये. एक माणूस काहीतरी करताना दिसेल, असा फोटो घ्यावा आणि तो मूळ आकारात पाठवावा, कारण व्हॉट्सॲपवरून चार हातांतून फिरलेला फोटो छापल्यावर भुतासारखा दिसतो. कन्नड वृत्तपत्रांसाठी मजकूर कन्नड जाणणाऱ्या सभासदाकडून स्वतंत्र लिहून घ्यावा; यंत्राने भाषांतर केलेली प्रेसनोट तेथील डेस्कवर थट्टेचा विषय होते. कार्यक्रम होऊन गेल्यावर बातमीदाराला बोलावण्यापेक्षा काम सुरू असताना बोलवावे, आणि शिबिरानंतर सहा महिन्यांनी त्या रुग्णांचे काय झाले याचीही बातमी द्यावी. ही दुसरी बातमी जवळपास कोणताही क्लब देत नाही, म्हणूनच तिला हमखास जागा मिळते.

अप्रिय बाजूही लिहून ठेवतो. शिबिरात काही बिघडले, औषध चुकले, रुग्णाला त्रास झाला, तर त्याची पहिली माहिती क्लबने स्वतः द्यावी. बातमीदाराला ती रुग्णालयाच्या आवारातून कळली आणि अध्यक्षांचा फोन बंद लागला, तर पुढची कित्येक वर्षे त्या क्लबच्या नावापुढे तो प्रसंग चिकटून राहतो.

शहापूर पेठ

एवढे लांबलचक कशाला? पदग्रहणाचे जेवण बंद करा आणि ते पैसे दवाखान्याला द्या, प्रतिमा आपोआप सुधारेल. आमच्या गल्लीत विणकरांच्या मागाचा आवाज बंद पडून किती दिवस झाले हे विचारायला यातला कोणी आला नाही, पण हॉटेलच्या दारात गाड्यांची रांग आम्हाला दिसते.

हिशेबनीस

शहापूर पेठ यांचा राग मी समजू शकतो, परंतु त्यामागील समजूत दुरुस्त करायला हवी, आणि ती आजवर दुरुस्त झाली नाही हा क्लबांचाच दोष आहे. नीट चालणाऱ्या क्लबची दोन वेगळी खाती असतात. एका खात्यात सभासदांची वर्गणी जमा होते आणि त्यातून सभेचे जेवण, छपाई, वरच्या कार्यालयाकडे भरायची रक्कम हा खर्च होतो. दुसऱ्या खात्यात लोकांनी दिलेली देणगी असते आणि ती केवळ कामावर खर्च होते. पदग्रहणाचे जेवण पहिल्या खात्यातले, म्हणजे सभासदांच्या स्वतःच्या खिशातले असते. ही गोष्ट प्रत्येक खजिनदाराला माहीत असते आणि गावात कोणालाही माहीत नसते.

म्हणून माझी सूचना अशी की, वर्ष संपल्यावर एका पानावर मावेल इतका हिशेब मराठीत आणि कन्नडमध्ये छापून जिथे काम केले त्या ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या सूचना फलकावर लावावा. देणगी किती आली, कोणत्या कामावर किती गेली, शिल्लक किती आणि ती कुठे आहे, एवढ्या चार ओळी पुरतात. लेखापरीक्षकाचा वीस पानी अहवाल कोणी वाचत नाही. क्लब किंवा त्याचा ट्रस्ट कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खाली नोंदलेला असेल, तर वार्षिक विवरण निबंधकांकडे द्यावेच लागते. जे सरकारला दाखवतो ते गावाला दाखवायला संकोच का वाटावा?

पावतीच्या बाबतीतही ढिलाई फार असते. व्यापारी माणूस उत्साहाने रोख रक्कम काढून देतो आणि नंतर देणगीवर मिळणारी आयकरातील ८०-जी ची सवलत मागतो. दोन हजार रुपयांपेक्षा अधिकची देणगी रोखीत दिली तर ती सवलत मिळत नाही, हे त्याला पैसे हातात घेण्यापूर्वी सांगावे, आणि ट्रस्टला ती मान्यता मुळात आहे की नाही हेही खरे सांगावे. मार्चमध्ये पावती मागणाऱ्याला जूनपर्यंत टोलवत ठेवले, की त्या माणसाच्या दुकानात येणारे प्रत्येक गिऱ्हाईक क्लबची कीर्ती ऐकून जाते.

मागाचा मुद्दा मात्र शहापूर पेठ यांचा बरोबर आहे. तिथे कोणी विचारायला आले नाही, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

खानापूरची शिक्षिका

धागाकर्त्यांनी शाळांना काय वाटते हे विचारले आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. आमच्यासारख्या जंगलालगतच्या गावातील सरकारी मराठी शाळेत बाहेरून येणारी मदत आम्हाला हवी आहे, आणि ती देणाऱ्यांविषयी आमच्या मनात आदरच आहे. तरीही ती ज्या रीतीने येते तिच्यामुळे पालकांच्या मनात वेगळेच काही राहते.

पाहुणे अकराला येणार, असा निरोप असतो. मुलांना साडेदहाला पटांगणात बसवलेले असते, पाहुणे साडेबाराला पोहोचतात, मग स्वागतगीत, मग भाषणे. अक्षर दासोहाचा, म्हणजे शाळेतील दुपारच्या जेवणाचा, भात आणि सांबार तोपर्यंत निवलेले असते आणि स्वयंपाक करणाऱ्या बाई झाकण ठेवून दारात उभ्या असतात. पहिलीतले एखादे मूल भुकेने रडायला लागते आणि त्याच वेळी त्याच्या हातात वही देऊन फोटो काढला जातो. त्या मुलाची आई तिथेच भिंतीला टेकून उभी असते. वही बद्दल ती काही बोलत नाही; "पोराला उपाशी ठेवलं" एवढेच ती घरी जाऊन सांगते.

फोटोंविषयी फार गांभीर्याने सांगायचे आहे. 'गरीब व होतकरू' असे शब्द फलकावर लिहून त्याच्यापुढे मुलांना उभे करू नये. आमची मुले सहावी, सातवीत गेली की हे शब्द वाचू शकतात. पालकांची परवानगी घेतल्याशिवाय कोणत्याही मुलाचा चेहरा समाजमाध्यमांवर टाकू नये, आणि निराधार किंवा बालगृहातील मुलांची ओळख उघड करणे तर बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे. पाठमोरी मुले वाचत बसलेली दाखवली तरी काम दिसतेच.

आता वस्तूंविषयी. अनेक शाळांच्या व्हरांड्यात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र भिंतीवर बसवलेले दिसेल. वर देणगीदार क्लबचे नाव ठळक असते आणि खाली तोटी कोरडी असते, कारण त्यातील फिल्टर बदलण्याचा खर्च शाळेच्या अनुदानात बसत नाही आणि ज्या अध्यक्षांनी ते दिले त्यांचे वर्ष केव्हाच संपलेले असते. त्या कोरड्या तोटीवरचे नाव रोज शंभर मुले वाचतात. मुलींच्या स्वच्छतागृहाचेही तसेच आहे. बांधकामाला देणगी मिळते, पण पाण्याच्या टाकीला आणि रोजच्या सफाईला मिळत नाही.

म्हणून काहीही देण्यापूर्वी शाळेच्या एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या, बैठकीला येऊन बसावे. तिथे पालक असतात आणि ते भीडभाड न ठेवता बोलतात. आमच्या ओळखीच्या एका क्लबने असे केले, तेव्हा पालकांनी वह्या नकोत असे सांगितले; वह्या जूनमध्येच कुठून ना कुठून मिळालेल्या असतात. त्यांना हवी होती ती पावसाळ्यात ओढा ओलांडून येणाऱ्या मुलांसाठी जीपची सोय. क्लबने एका स्थानिक जीपवाल्याशी जुलै ते सप्टेंबरचा करार केला. जीपवर क्लबचे नाव नाही. पण त्या वाडीत आज कोणालाही विचारा, जीप कोणाची, तर उत्तर क्लबचेच येते.

रक्तपेढी कर्मचारी

शिक्षिका ताईंनी लिहिलेले आमच्या क्षेत्रालाही लागू पडते. क्लबांची रक्तदान शिबिरे होतात ती १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, वर्धापनदिन आणि एखाद्या नेत्याचा वाढदिवस या दिवशी. एकाच आठवड्यात चार ठिकाणांहून पिशव्या येतात. रक्ताची पिशवी साधारण ३५ दिवस टिकते आणि त्यातील प्लेटलेट फक्त पाच दिवस. म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर गोळा केलेले रक्त सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर उपयोगाचे नसते. उलट एप्रिल, मे महिन्यांत महाविद्यालयांना सुट्टी असते, लोक लग्नसराईत असतात, आणि नातेवाईक रात्री बारा वाजता रक्तदाता शोधत फिरत असतात. पुरुषांनी दोन रक्तदानांत तीन महिन्यांचे आणि स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवायचे असते, त्यामुळे एका दिवशी गर्दी केली की तेच दाते गरजेच्या वेळी देऊ शकत नाहीत.

ज्या क्लबला खरोखर नाव कमवायचे आहे त्याने मे महिना आपल्या अंगावर घ्यावा. शिबिर लहान असले तरी चालेल, वीस दाते आले तरी चालेल, पण दरवर्षी मेच्या दुसऱ्या रविवारी हा क्लब येतो हे रक्तपेढीला ठाऊक असावे. शिबिराच्या तारखा रक्तपेढीला विचारून ठरवणारे अध्यक्ष फार थोडे भेटतात. बहुतेकांची तारीख प्रमुख पाहुण्यांच्या सोयीने ठरते.

नेत्रदानाचे आणखी वेगळे आहे. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. घरच्यांना पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवणे, पंखा बंद करणे आणि डोक्याखाली उशी देणे, एवढे सांगणारा माणूस त्या वेळी फोनवर हवा असतो. क्लब संकल्पपत्रे शेकड्यांनी भरून घेतात, पण पहाटे तीन वाजता फोन उचलणारा एक सभासद नेमत नाहीत. जिथे असा माणूस आहे, तिथे त्या घराण्याचा त्या क्लबशी संबंध पिढीभर टिकतो. त्याची बातमी होत नाही आणि तिची गरजही नसते.

रोटरॅक्टची सभासद

युवा शाखेच्या बाजूने एक व्यवहाराची गोष्ट. आमच्या पालक क्लबची फेसबुकवर चार पाने आहेत आणि त्यांपैकी तीन बंद आहेत. कारण सोपे आहे: प्रत्येक वर्षीच्या सचिवांनी स्वतःच्या मोबाइल क्रमांकावरून नवे पान उघडले आणि ३० जूननंतर पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. नवखा माणूस क्लबचे नाव शोधतो तेव्हा त्याला प्रथम सहा वर्षांपूर्वीचा पदग्रहणाचा फोटो आणि आता न लागणारा फोन क्रमांक सापडतो. क्लबच्या नावाने एक कायमचा मोबाइल क्रमांक आणि एक ईमेल घ्यावा आणि घंटा व कॉलर जशी नव्या अध्यक्षाकडे समारंभाने सोपवतात तसे हेही लेखी सोपवावे.

ज्येष्ठांना नम्रपणे सांगावेसे वाटते की आम्हाला फक्त रील बनवण्यासाठी आणि खुर्च्या मांडण्यासाठी बोलावू नये. आमच्यातील निम्म्या मुलामुलींचे शिक्षण कन्नडमध्ये आणि निम्म्यांचे मराठीत झाले आहे. आम्ही आपसांत दोन्ही भाषा सहज बोलतो. नोंदणीच्या टेबलावर आम्हाला बसवा. धागाकर्त्या काकांनी जी अपेक्षा लिहिली आहे ती तिथे आपोआप पूर्ण होईल.

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. हिशेबाचे एक पान आणि कायमचा क्रमांक, या दोन गोष्टी जुलैच्या पहिल्या सभेतच मांडतो. एसडीएमसीच्या बैठकीचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो केवळ शाळांपुरता का ठेवावा? शहापूर, वडगावच्या विणकरांबरोबर बसल्याशिवाय त्यांच्यासाठी काय करावे हे क्लबला कसे कळणार? शहापूर पेठ यांनी त्यासाठी वेळ काढला तर बरे होईल.

बातमीदार साहेबांशी एका बाबतीत माझे एकमत होत नाही. क्लबचे नाव शेवटच्या ओळीत टाकायला माझी हरकत नाही, पण सभासदांची असते. घरदार, दुकान सांभाळून रविवार देणाऱ्या माणसाला वृत्तपत्रात आपले नाव दिसावे असे वाटले, तर त्यात गैर काही नाही, आणि हे नाव पूर्ण पुसले तर पुढच्या वर्षी तो येणार नाही. यावर मार्ग असा दिसतो की, बातमीत काम यावे आणि क्लबच्या मासिक पत्रिकेत प्रत्येक राबणाऱ्याचे नाव यावे. व्यासपीठावर बसलेल्यांचे नव्हे, टेबल उचलणाऱ्यांचे.

टिळकवाडीत राहत असल्यामुळे एक जुना दाखला आठवतो. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्या हिंदुस्थानी सेवा दलाच्या स्वयंसेवकांनी व्यवस्था सांभाळली होती. अधिवेशनाला आलेल्या लोकांच्या पाण्यासाठी खोदलेली विहीर अजून आहे आणि तिला आजही काँग्रेस विहीर म्हणतात. मंडपात कोण कुठे बसले होते, हे मात्र सांगायला आता इतिहासाचा अभ्यासकच लागेल.

निपाणी, वेदगंगेकाठ

उशिरा लिहितो आहे, पण पुराचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहिणे भाग आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले, पुणे-बेंगळूर वाहतूक थांबली आणि दूधगंगा, कृष्णा, घटप्रभेच्या काठची गावे पाण्यात गेली. त्या दिवसांत क्लबांची प्रतिमा जितकी घडली आणि बिघडली, तितकी एरवी दहा वर्षांत होत नाही.

बिघडली ती जुन्या कपड्यांमुळे. दूरदूरच्या शहरांतून आलेले गठ्ठे शाळांच्या वर्गांत छतापर्यंत साचले. त्यात फाटक्या जीन्स आणि लग्नातल्या शेरवान्या निघाल्या. पूर ओसरल्यावर वर्ग भरवण्यासाठी ते गठ्ठे उचलायला गावातीलच माणसे लागली. बिस्किटांचे पुडे एका गावात तीनदा पोहोचले आणि नदीपलीकडच्या वाडीत एकदाही नाही, कारण ट्रक जिथपर्यंत जाऊ शकला तिथेच फोटो काढून रिकामा झाला.

घडली ती ज्यांनी आधी फोन केला त्यांची. एका क्लबच्या माणसाने आमच्या पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) विचारले, "नेमके काय हवे?" उत्तर मिळाले की ब्लिचिंग पावडर, फावडी, गमबूट, जनावरांसाठी कडबा आणि बायकांसाठी सॅनिटरी पॅड. त्यांनी तेवढेच आणले. चिखल काढायला त्यांची मुले दोन दिवस आमच्याबरोबर होती आणि त्यांनी अंगात क्लबचा टी-शर्टही घातला नव्हता, कारण तो चिखलात खराब झाला असता असे ते हसत म्हणाले. त्या क्लबला निपाणी भागात आजही कोणत्याही ग्रामपंचायतीत खुर्ची मिळते.

म्हणून नव्या पदाधिकाऱ्यांनी १ जुलैची वाट पाहू नये, कारण आपल्याकडे पाणी चढते ते जुलै, ऑगस्टमध्ये आणि तोपर्यंत नव्या मंडळींना एकमेकांचे क्रमांकही पाठ झालेले नसतात. नदीकाठच्या ग्रामपंचायतींचे पीडीओ, आशा कार्यकर्त्या आणि ट्रॅक्टर असलेले दोन-तीन शेतकरी यांची यादी मे महिन्यातच करावी, कोणाचे गोदाम उंचावर आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे असते हे त्यात लिहावे, आणि मावळत्या व नव्या अशा दोन्ही अध्यक्षांनी ती घेऊन एकदा प्रत्यक्ष फिरून यावे. सदलगा, बोरगाव बाजूची यादी आमच्याकडे तयार आहे. ज्या क्लबला हवी असेल त्यांनी ग्रामपंचायतीत येऊन उतरवून घ्यावी.